तेल्यातून वाचलेलं झाड तोडू नका, कळवा

सोलापूर जिल्ह्यातल्या सगळ्या शेतकरी बंधू-भगिनींना, वस्तीवरच्या आयाबहिणींना, शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना, सरपंचांना आणि रोपवाटिका चालवणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती.

आपल्या परसात, आडाच्या कडेला, बांधावर, देवळामागं किंवा पडक्या वाड्यात एखादं जुनं डाळिंब असेल. कुणी मुद्दाम न लावलेलं, बी पडून उगवलेलं. फळ आंबट, दाणा फिका, बी टणक, बाजारात कुणी हुंगणारही नाही असं. ते झाड या पावसाळ्यात तोडू नका. मृगापासून हस्तापर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवा. शेजारच्या बागेत तेल्या धुमाकूळ घालत असताना ते झाड स्वच्छ राहिलं, तर कळवा.

मागणं एवढंच आहे. ते एवढ्या घाईनं का करतोय, ते सांगतो.

ज्यांच्या घरात डाळिंब आहे त्यांना तेल्या काय ते सांगावं लागत नाही. पण सोलापूर शहरातल्या, बार्शी-अक्कलकोटकडच्या अनेकांनी तो पाहिलेला नसतो. दोन-तीन दिवस रिमझिम झाली, मग ऊन पडलं, की सकाळी बागेत शिरावं. एखादं पान उजेडाकडे धरावं. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसतो, तेलाचं बोट लागावं तसा. उजेड त्यातून आरपार येतो. चार दिवसांत तो तपकिरी होतो आणि भोवती पिवळं कडं धरतो. मग काडीच्या पेऱ्यावर काळा डाग येतो. तो काडीभोवती फिरला की काडी तिथंच मोडते. आणि शेवटी पाळी येते फळाची. फळ लिंबाएवढं असो नाहीतर पाव किलोचं, सालीवर तेलकट डाग पडतो, पसरतो, आणि एक दिवस फळ त्या डागावरच तडकतं. चीर कधी इंग्रजी वाय अक्षरासारखी, कधी चांदणीसारखी. त्या चिरेतून आत पाहिलं की दाणे लाल, रसरशीत, गोड. जीव तुटतो तो इथं. आत सोनं आहे आणि व्यापारी क्रेटला हात लावत नाही.

आमच्या बागेत पहिल्यांदा तेल्या शिरला त्या वर्षी आम्ही बांधाला लागून खड्डा घेतला आणि पाट्याच्या पाट्या फळं त्यात ओतली. वर चुना टाकला. आईनं त्या खड्ड्याकडे पाठ फिरवली ती दोन दिवस ती बागेकडे आलीच नाही. जिल्ह्यात असा खड्डा न घेतलेला डाळिंबवाला शोधून सापडायचा नाही.

हा रोग बुरशीचा नाही, जिवाणूचा आहे. झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूचा. हा फरक आपल्यातल्या पुष्कळांनी फार उशिरा ओळखला, आणि तोपर्यंत बुरशीनाशकांवर पाण्यासारखा पैसा गेला. पानाला श्वास घ्यायला जी बारीक छिद्रं असतात, त्यातून किंवा काटा लागून झालेल्या जखमेतून तो आत शिरतो. अठ्ठावीस ते अडतीस अंशांचं ऊन आणि हवेत ओल असली की त्याचं फावतं. पावसाचा थेंब एका पानावरून दुसऱ्या पानावर उडाला की त्याच्याबरोबर हाही उडतो. वाऱ्यावर जातो, छाटणीच्या कात्रीवर जातो, मजुरांच्या हातावर जातो, या बागेतून त्या बागेत जाणाऱ्या क्रेटमध्ये बसून जातो. गळालेल्या पानात तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. सगळ्यात लांबचा प्रवास मात्र तो गुटीच्या रोपातून करतो. वरून हिरवंगार, तजेलदार दिसणारं रोप आपण टेम्पो भरून आणतो आणि आपल्याच हातांनी रोग खड्ड्यात लावतो. आम्हीही लावला. रोपवाटिकेचं नाव घेऊन आता काही उपयोग नाही. त्यांनाही ठाऊक नसावं.

भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीची. पुढं चाळीस वर्षं तो कुठंतरी दबून राहिला. नव्वदीच्या सुरुवातीला कर्नाटकात त्यानं डोकं वर काढलं आणि २००३ च्या सुमाराला आपल्याकडे तो असा पसरला की मृग बहार धरणं म्हणजे जुगार झाला. त्या आधीची गोष्टही विसरता येत नाही. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना आली आणि ज्या माणदेशी माळावर बाजरीसुद्धा रडत यायची तिथं डाळिंब उभं राहिलं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा, अशा जिल्ह्यात सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस इथं ठिबकच्या नळीवर घरं उभी राहिली, पोरं शिकली. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही सगळी कमाई आज ज्या एका गोष्टीवर उभी आहे तिच्याकडे नीट पाहायला हवं.

ती गोष्ट म्हणजे भगवा. आपल्या बागांमध्ये आज जवळजवळ सगळीकडे भगवाच आहे, आणि त्यात वावगं काही नाही. रंग, टिकाऊपणा, जाड साल, परदेशात चालणारा दाणा, सगळं त्यात आहे. पण तो वाढतो गुटीनं. म्हणजे सांगोल्याकडच्या अजनाळ्यातलं झाड आणि नाशिककडचं झाड, दोन्ही रक्तानं एकच. एकाला जे बाधतं ते दुसऱ्याला बाधतंच. त्यातही भगव्याचं गोत पाहा. पुण्याच्या गणेशखिंडीत १९३६ मध्ये डॉ. चीमा यांनी आळंदी डाळिंबाच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून एक झाड निवडलं. त्यालाच १९७० मध्ये गणेश हे नाव मिळालं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर गुल-ए-शाह रेड या रशियाकडच्या लाल वाणाशी केला. त्याच संकराच्या पोटी मृदुला आली, आरक्ता आली, भगवाही आला. चार नावं, पण घर एकच. घरात एकाला एखादी गोष्ट सोसत नसेल तर भावंडांनाही ती सोसत नसते, हे आपण माणसांत रोज पाहतो.

राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आपल्याच जिल्ह्यात, सोलापूरजवळ केगावला आहे. पुण्याहून सोलापूरकडे येताना रस्त्यावरच लागतं. तिथले आणि राहुरीचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच शोधतायत की तेल्याला दाद न देणारं डाळिंब कुठं आहे. आपल्या बाजारात चालणाऱ्या वाणांत ते सापडलेलं नाही. तेल्याला थोडंफार तोंड देण्याची ताकद दिसली ती हिमाचल, उत्तराखंड, जम्मूच्या डोंगरात रानटी वाढणाऱ्या दारू नावाच्या डाळिंबात, ज्याचे दाणे वाळवून अनारदाना करतात. आणि नाना नावाच्या शोभेच्या बुटक्या झाडात. दारूचं फळ तोंडात घालवत नाही एवढं आंबट. त्याची ताकद भगव्याच्या अंगात आणायची तर संकर करायचा, बियांची रोपं वाढवायची, ती फळायला तीन-चार वर्षं थांबायचं, त्यातली तेल्यात टिकणारी निवडायची, पुन्हा भगव्याशी संकर करायचा, पुन्हा थांबायचं. चवही राहिली पाहिजे, रंगही राहिला पाहिजे, सालही पातळ पडता कामा नये. असं करता करता एका माणसाची नोकरी संपते.

म्हणून ज्या झाडांना आपण आडदांड, निकामी म्हणतो त्यांच्याकडे वळायचं. हा भावनेचा प्रश्न नाही. भाताची गोष्ट सांगतो. भाताला कडाकरपा होतो, तोही झॅन्थोमोनासच, आपल्या तेल्याचा चुलत भाऊ. आफ्रिकेतल्या मालीमधून गोळा केलेला एक रानटी भात होता. लोंबी विरळ, दाणा गळणारा, शेतात कुणी ठेवणार नाही असा. ओडिशातल्या कटकच्या भात संशोधन संस्थेत त्याची चाचणी झाली तेव्हा तो कडाकरप्याला दाद देईना. पुढं फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकर करत करत त्यातलं ते प्रतिकाराचं जनुक लागवडीच्या भातात आणलं. एक्सए-२१ असं त्याचं नाव. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ते आणि आणखी दोन जनुकं सांबा मसूरीत घातली, आणि २००८ मध्ये सुधारित सांबा मसूरी शेतकऱ्यांच्या हातात आली. सोलापूरहून हैदराबाद गाडीनं पाच-सहा तासांवर. त्या रानटी भाताचं बी कुणी तरी पिशवीत भरून, चिठ्ठी लावून जपून ठेवलं होतं म्हणून हे झालं. कुणी ते तण म्हणून उपटून टाकलं असतं, तर झालं नसतं.

आपल्या माळावर असं बी कोण जपणार?

डाळिंब मूळचं इराणकडचं, हे खरं. पण दख्खनमध्ये ते शेकडो वर्षं राहिलंय, इथल्या उन्हात होरपळलंय, इथल्या पावसात भिजलंय, आणि मुख्य म्हणजे कितीतरी काळ बियांपासून वाढलंय. गुटीचं झाड आईसारखंच निघतं. बियाचं झाड मात्र दर वेळी वेगळं निघतं. शंभर बियांतली नव्व्याण्णव रोपं बाजाराच्या दृष्टीनं फुकट, पण शंभरावं कोण असेल सांगता येत नाही. गणेश हे असंच शंभरातलं एक झाड होतं. आपल्या बार्शी तालुक्यात गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं एनएमके-१ गोल्डन सीताफळ सगळ्या देशाला माहीत आहे. तेही बागेतलं एक वेगळं झाड डोळ्यांनी हेरल्यामुळेच. आपल्या लोकांकडे ती नजर आहे. फक्त आजवर आपण ती चवीसाठी आणि रंगासाठी वापरली, आता ती रोगासाठी वापरायची आहे.

आता मला माझ्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना लाज वाटते, तरी सांगतो.

माझ्या आत्याच्या घरामागं, भांडी घासायच्या दगडाशेजारी एक डाळिंब होतं. बुंधा मांडीएवढा, साल भेगाळलेली, खालून पाच-सहा फुटवे. कुणी लावलं ते तिच्या सासूलाही आठवत नव्हतं. फळ मुठीएवढं, पिवळसर, एका बाजूला जरा लाली. दाणा गुलाबी, आणि आंबट असा की दात आंबून जायचे. खायला कुणी काढायचं नाही. आत्या मात्र साली वाळवून डब्यात ठेवायची. पोराचं पोट बिघडलं की सालीचा काढा, खोकला लागला की तोंडात सालीचा तुकडा. त्यासाठी अख्ख्या आळीतल्या बायका तिच्याकडे यायच्या. घराच्या पलीकडे दीडशे पावलांवर चुलत्यांची भगव्याची बाग. त्या बागेत तेल्या सलग तीन पावसाळे होता. चौथ्या वर्षी त्यांनी बाग काढून टाकली. त्या तीन वर्षांत मी आत्याकडे कितीदा तरी गेलो, त्या झाडाखाली बसून चहा प्यालो. पानं स्वच्छ होती. मला ते दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं. आंबट झाड, त्याला काय रोग लागणार, असं मनात येऊन जायचं, बस्स.

मग मागची गल्ली रुंद करायचं ठरलं. मी गेलो तेव्हा बुंधा आडवा पडलेला होता आणि पोरं फांद्यांनी खेळत होती. आत्या म्हणाली, "अरे, आता साली कुठनं आणू रे?" मला तेव्हा एकदम ते तीन पावसाळे आठवले. मी फांद्या चाळल्या, पानं चाळली. वाळून गेली होती. ते झाड तेल्याला खरोखर दाद देत नव्हतं, की भिंतीच्या आडोशानं आणि ठिबकविना कोरड्या राहण्यानं नुसतं वाचलं होतं, हे आता कधीच कळणार नाही. दोन्ही शक्य आहे. दुसरंच खरं असण्याची शक्यता जास्त, हेही मान्य. पण पाहिलं असतं तर कळलं असतं.

हे सांगतोय ते यासाठी की कुणी भाबडी समजूत करून घेऊ नये. गावरान म्हणजे रोगमुक्त, असं काही नाही. गावरान झाडांवरही तेल्या येतो, पुष्कळांवर येतो. शंभर जुनी झाडं पाहिली तर त्यातली बहुतेक एक तर रोगट निघतील, नाहीतर केवळ लांब असल्यानं वाचलेली निघतील. आपण शोधतोय ते एखादंच. ते निघेलच असं वचन कुणी देऊ शकत नाही. पण ती शंभर झाडं कापून झाल्यावर शोधायलाही काही उरणार नाही, आणि ती दर महिन्याला कापली जातायत. पालखी मार्गाच्या, गावच्या रस्त्यांच्या रुंदीकरणात, पडके वाडे पाडून नवे बंगले बांधताना, बांध कोरताना. मोठा वड तोडला तर चार लोक ओरडतात. डाळिंबाच्या झुडपासाठी कोण ओरडणार?

घाईचं आणखी एक कारण. तेल्यावर आजवर आपला मुख्य भर राहिला तो तांब्याच्या औषधांवर, बोर्डोवर, आणि त्यात मिसळायच्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या पुडीवर. ती प्रतिजैविकं आहेत, त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन तर माणसाच्या क्षयावरही वापरतात. ती वारंवार मारली की जिवाणू त्यांना सरावतात. परदेशात सफरचंदाच्या आणि नाशपातीच्या बागांमध्ये हे पन्नास वर्षांपूर्वीच झालंय. केंद्र सरकारनं २०२१ च्या डिसेंबरात शेतीतला या औषधांचा वापर टप्प्याटप्प्यानं थांबवण्याचा मसुदा काढला, तो उगीच नाही. आज ना उद्या ही पुडी हातातून जाणार आहे, आणि जायलाच हवी. बहार बदलून हस्ताचा धरणं, बागेला तीन-चार महिने विश्रांती देणं, पानगळ करून पडलेली पानं-फळं गोळा करून जाळणं, झाडाझाडाला कात्री औषधात बुडवणं, हे सगळं करायलाच हवं आणि जे नेमानं करतात त्यांच्या बागा तगल्याही आहेत. पण हस्त बहाराला फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी लागतं, आणि ज्याची विहीर जानेवारीत तळ दाखवते त्या शेतकऱ्याला तो सल्ला देताना माझी तरी जीभ अडखळते. त्याला मृगाचाच बहार परवडतो. त्याच्यासाठी वाणातच ताकद असायला हवी.

तेव्हा प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

पहिल्यांदा झाड हेरा. ते किमान दहा-पंधरा वर्षांचं असावं, बियांपासून आलेलं असावं, आणि जवळपास तेल्याची बाग असावी. ही शेवटची अट महत्त्वाची. मैलभर डाळिंबच नाही अशा ठिकाणचं झाड स्वच्छ असलं तर त्यातून काही कळत नाही. जिथं तेल्या खिडकीतून दिसतोय तिथलं झाड पाहिजे. त्यावर या हंगामात कसलीही फवारणी करू नका, अगदी हौसेनं गोमूत्रसुद्धा नको. चाचणी पावसालाच घेऊ द्या. जून ते ऑक्टोबर, दर आठ दिवसांनी पानं उलटून, उजेडाकडे धरून पाहा. तेलकट, आरपार दिसणारा ठिपका तो तेल्याचा. कोरडा, काळा, उजेड न येणारा ठिपका बहुधा बुरशीचा. शंका आली तर मोबाईलवर जवळून फोटो काढा, तारखेसकट. मुलांच्या वहीत तारीख, पाऊस पडला की नाही, ठिपका दिसला की नाही, एवढं लिहून ठेवलं तरी पुष्कळ झालं. ठिपका दिसला तरी वही फेकू नका. किती पानांवर दिसला, फळावर उतरला का, काडी मोडली का, हेही तितकंच मोलाचं आहे. रोग येऊनही फळ न तडकणारं झाड हीसुद्धा एक ताकदच.

दुसरं, आणि हे मी हात धरून सांगतो, त्या झाडाची काडी कापून कुणाला देऊ नका. गुटी बांधू नका, पाहुण्याला रोप करून देऊ नका. झाड स्वच्छ दिसत असलं तरी त्याच्या काडीत जिवाणू दडलेला असू शकतो. चांगल्या हेतूनं वाटलेल्या काड्यांनीच आपण एकदा हा जिल्हा बुडवला. आधी कळवायचं. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कचेरीत, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर थेट केगावच्या डाळिंब केंद्रात. काडी कशी घ्यायची, ती स्वच्छ कशी करायची, प्रयोगशाळेत जिवाणू टोचून तिची खरी परीक्षा कशी घ्यायची, हे त्यांचं काम. आपलं काम त्यांना झाडापर्यंत नेऊन पोहोचवायचं.

तिथं गेल्यावर कुणी लक्ष दिलं नाही तर? एकदा गेलात, दुर्लक्ष झालं, तर दुसऱ्यांदा जा. फोटो आणि वही घेऊन जा. शास्त्रज्ञ मोजके आहेत आणि जिल्हा मोठा आहे. अकरा तालुक्यांतली परसं ते पालथी घालू शकत नाहीत. पण वही घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवणं अवघड जातं, हा माझा अनुभव आहे.

सरपंचांना एक खास सांगणं. जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक गावांत ही नोंदवही कपाटात आहे. ती बाहेर काढा आणि गावातली सगळी बियांची डाळिंबं त्यात लिहा, कुणाच्या घराशेजारी, किती जुनं, फळ कसं. रस्त्याचं काम निघालं की ठेकेदाराला ती यादी दाखवा. झाड वाचत नसेल तर निदान तोडण्याआधी आठ दिवस कृषी केंद्राला कळवा, म्हणजे काडी वाचेल. ज्यांच्या दारात झाड आहे त्यांनीही घाबरू नये, आपलं झाड कुणी नेईल आणि आपण हात चोळत बसू असं काही नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या स्वतःच्या वाणाची नोंद करण्याची सोय आहे आणि त्यासाठी शेतकऱ्याला फी पडत नाही. नोंद व्यक्तीच्या नावानं होते, शेतकऱ्यांच्या गटाच्या नावानंही होते.

रोपवाटिकावाल्यांनो, तुमच्याकडे मी रागानं पाहत नाही. तुमचा धंदा आमच्या विश्वासावर चालतो आणि आमची बाग तुमच्या मातृवृक्षावर. ज्या झाडावरून गुटी घेता ते झाड गेल्या दोन पावसाळ्यांत तेल्यातून स्वच्छ राहिलं होतं का, हे गिऱ्हाइकानं विचारण्याआधी स्वतः लिहून लावा. आणि तुमच्या फिरतीत कुठं असं जुनं झाड दिसलं तर तिथल्या तिथं कात्री काढू नका.

गुरुजी आणि बाई, तुमच्याकडून मला सगळ्यात जास्त आशा आहे. वाडीवस्तीच्या शाळेतली पोरं प्रत्येक परस ओळखतात, कुणाच्या डाळिंबाला कधी फूल येतं हे त्यांना बिनचूक ठाऊक असतं. एका वर्गाला एक वही द्या. घरी आजीला विचारून यायचं, तुमच्या माहेरी, सासरी डाळिंब होतं का, साल कशाला वापरायचात. निम्मी झाडं आजीच्या आठवणीतच निघतील. उरलेली निम्मी अजून उभी असतील.

डाळिंबाबरोबर आणखी एक. कागदी लिंबावर खैऱ्या येतो तोही झॅन्थोमोनासचाच. फळावर, काडीवर खरखरीत फोड येतात. जुन्या मळ्यांत, विहिरीच्या काठावर एखादं लिंबाचं झाड खैऱ्यानं वेढलेलं असूनही त्यावर फोड नसतील तर तेही वहीत लिहा, त्यालाही हेच नियम लावा.

मृग लागायला आता थोडेच दिवस उरलेत. पहिला पाऊस पडायच्या आत परसात एक चक्कर मारा. झाड दिसलं की त्याच्या ठळक फांदीला जुन्या लुगड्याची लाल किनार फाडून बांधा, लांबून दिसेल अशी. घरातल्या सगळ्यांना सांगा की लाल किनार असलेल्या झाडाला दसऱ्यापर्यंत कुऱ्हाड लावायची नाही, फवारा लावायचा नाही. आत्याच्या शेजारच्या आळीत परवा मला असंच एक झाड दिसलं, गोठ्याच्या भिंतीला टेकलेलं, पहिल्यापेक्षा लहान. घरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आत्याबाईंनीच बी दिलं होतं. मी खिशातला रुमाल फाडून बांधून आलोय.